सुगंधाबाईची बाटली

आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं सुगंधा, आणि सरकारनं हातात दिली साऱ्या चांदा जिल्ह्यातली सर्वांत घाण वासाची बाटली. वैनगंगेकाठच्या त्या गावी दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टर फक्त मंगळवारी ब्रह्मपुरीहून नदी ओलांडून यायचे. उरलेले सहा दिवस दवाखाना म्हणजे ही नर्सबाई. अंगानं ठेंगणी, तोंडानं फटकळ आणि पानाची भारी शौकीन. बाटलीवर नाव होतं पॅराल्डिहाइड. लहान पोराची आकडी थांबत नसेल, तर ते तेलात मिसळून काचेच्या पिचकारीनं मागच्या वाटेनं द्यायचं, पलीकडच्या इस्पितळाची वाट पाहत वेळ घालवायचा नाही, हे डॉक्टरांनी तिला पढवून ठेवलं होतं. वजनाप्रमाणे मापंही लिहून दिली होती.

छप्पन्न सालची गोष्ट. धानकापणी चालू होती. सोमवारी सकाळी घाटावरून हाक आली आणि सुगंधाबाई पिशवी घेऊन धावत सुटली.

जंगलातल्या पाड्यावरची बुधरी तापानं फणफणलेल्या नातवाला घेऊन इस्पितळात निघाली होती. तीन वर्षांचा कोलू. डोंगा पैलतीरावर आणि इकडे वाळूत पोराला आकडी आलेली. एक चिलीम ओढून संपेल इतका वेळ झाला, तरी हातपाय झटकणं थांबेना. कुणी दातांत चमचा कोंबत होतं, कुणी नाकाला जोडा लावून बसलं होतं.

"दूर व्हा सारे! तो चमचा काढा आधी!" सुगंधाबाईनं पोराला कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ पुसली आणि बाटलीचं बूच काढलं. भपकाऱ्यानं माणसं चार हात मागे सरली. बुधरीचे डोळे मात्र चमकले. आकडीला उग्र वास लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"साऱ्या गावाच्या जोड्यायले असा वास नाई! लाव बाई, नाकाले लाव!"

"नाकाले नाई माय. मागून द्या लागते."

बुधरीनं पोर घट्ट धरलं. "आकडी चढली डोस्क्यात, न् तू औषध देऊन राह्यली खाली? वर कसं पोचन ते?"

समजावायला वेळ कुठला! कोलूचे ओठ निळे पडायला लागले होते. सुगंधाबाईनं तेलात औषध मिसळता मिसळताच विचारलं,

"सणाले मोहाची दारू पेतेस ना? जाते पोटात. मग डोस्क्यात कशी चढते?"

बुधरीनं नातवाच्या अंगावरचं फडकं बाजूला सारलं.

औषध गेलं. झटके हळूहळू विरळ झाले आणि थांबले. डोंगा काठाला लागला. लटारू नावाड्यानं त्यांना चढवून वल्हं मारलं. पोर कुशीवर, आजीच्या मांडीवर अगदी ढिलं पडलं होतं, आणि ते ढिलेपण पाहून बुधरीचा धीर खचला.

"बाई, गेला व माहा कोलू. हालत नाई!"

सुगंधाबाईचा हात त्याच्या बरगड्यांवरच होता. "जित्ता हाये तो. झोपला. त्याच्या तोंडाजवळ नाक ने."

बुधरी वाकली. तिनं एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. खालून दिलेलं औषध अंगात भिनलं होतं आणि पोराच्या प्रत्येक श्वासाबरोबर तोच भपकारा बाहेर येत होता. म्हातारी ओरडली, "वास येते! लटारूभाऊ, माह्या पोराच्या तोंडाले वास येते!"

लटारूनं नाकावर दुपट्टा बांधला आणि तो हसत हसत जोरात वल्हं मारू लागला. ब्रह्मपुरीकडच्या काठाला लागेपर्यंत बुधरीनं काही तोंड वर केलं नाही. रडत होती, हसत होती आणि नातवाचा तो घाण श्वास छाती भरून हुंगत होती.