अठरा काडतुसं आणि एक

अप्पाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात, मुदत संपत आलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या वेगळ्या काढत बसले होते. चुलतभाऊ सिद्धू एवढंच म्हणाला, "ताई, अप्पा गेले. झोपेतच." हातातली पट्टी हातातच राहिली. आणि खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मला काकांचा प्रश्न आठवला...

"औषधाला तारीख असती, मग काडतुसाला का न्हाय?"

हा प्रश्न घेऊन ते काही वर्षांपूर्वी माकणीहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आले होते. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही आणि तरी बारा बोरची बंदूक आहे, याचं गावाला नवल वाटे. बंदूक आजोबांची. शिकारबंदीच्या आधी ते दोस्तांबरोबर रानात जायचे. खाण्यात नव्हते, हिंडण्यात होते. त्यांच्या मागे बंदूक आणि बिस्किटाच्या डब्यातली अठरा काडतुसं उरली. पीकराखणीचा परवाना काकांच्या नावावर झाला, पण काकांनी उभ्या जन्मात एक बार काढला नाही. रानडुकरं आली की बांधावर उभं राहून पत्र्याचं पिंप बडवायचे. "डुकराला आवाजाशी मतलब, मला पिकाशी," म्हणायचे.

मी औषधशास्त्र शिकलेली, पण उत्तर येईना. अंदाजानं म्हटलं, "काका, काडतुसातली दारू कॅलेंडर बघत नसणार. उष्णता आणि ओल बघत असणार." त्यांचं समाधान झालं नाही. पण बाटलीतल्या ओल शोषणाऱ्या बारक्या पुड्या त्यांना भारी आवडल्या. त्यावरचं 'खाऊ नये' वाचून म्हणाले, "खायचं न्हाय तर घालत्यात कशाला?" मी कारण सांगितलं, तर दहा-बारा पुड्या खिशात घालून गेले.

पुढच्या महिन्यात मला ओढत सोलापूरला बंदुकीच्या दुकानात नेलं. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदारानं काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि सावकाश सांगितलं, "गार आणि कोरडं ठेवलं तर काडतूस पन्नास वर्षांनीही वाजेल. ओलीत ठेवलं तर पाचव्या वर्षी दगा देईल. कागदी कवच फुगलं, पितळेला हिरवं आलं, की ते बंदुकीत घालायचं नाही. तेल तर लावूच नका, आत झिरपतं. आणि एक ध्यानात ठेवा, वाजलं नाही म्हणजे मेलं असं कधी धरायचं नाही." हे शेवटचं वाक्य काकांनी परतीच्या एसटीत तीनदा म्हणून दाखवलं. उमरग्याच्या अलीकडे मात्र त्यांच्या ध्यानात आलं. आपली चार-पाच काडतुसं हिरवी पडली होती. घरात गळती नाही, मग ओल आली कुठून?

खंडेनवमीला त्यांचा फोन आला. "चोर सापडला गं माय. तुझी काकू."

काकू दर वर्षी बंदूक पाटावर मांडायची, शेजारी अठरा काडतुसांची रांग. विभूती, हळदकुंकू, वर पाण्याचे शिंतोडे, आणि पितळ चमकावं म्हणून प्रत्येकाला खोबरेलाचं बोट. मला हसू आवरेना. म्हटलं, "मग सांगा की तिला."

"चाळीस वर्सं मनापासून पुजलंय तिनं. आता म्हनू, तुझ्या पूजेनं नासलं?"

सांगितलं नाहीच. डबा थंड खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलपात गेला, बंदूक दुसऱ्या खोलीत, किल्ली कमरेला. माझ्या पट्ट्यांवरून अक्षर न अक्षर उतरवून डब्यावर चिठ्ठी चिकटवली: 'थंड व कोरड्या जागी ठेवावे. मुलांच्या हाती लागू देऊ नये.' काकूला मात्र पूजेसाठी एक काडतूस दिलं, कायमचं. ते देवघरात, समईशेजारी. मी चिडले. ते दुकानात आल्यावर गिऱ्हाइकांदेखत बोलले, "आगीजवळ दारू ठेवता? वयानुसार अक्कल वाढते म्हणतात ना?" ते नुसते हसले. जाताना टॉनिकच्या बाटलीचं सोनेरी प्लॅस्टिकचं टोपण तेवढं मागून घेतलं. कशाला, ते सांगितलं नाही. आमची ती शेवटची भेट, आणि मी त्यात माणसाला अक्कल शिकवत होते, हे अजून सलतं.

परवानेवाला गेला की बंदूक आणि काडतुसं ठाण्यात जमा करावी लागतात. महिना व्हायच्या आत, मी माकणीला गेले असताना, सिद्धूनं डबा उघडला. परवान्यावर अठरा, डब्यात अठरा. आत माझ्या पुड्या. मग देवघर झाडताना त्याला कुंकवात माखलेलं एकोणिसावं दिसलं, समईपासून वीतभर अंतरावर, आणि तो पांढराफटक पडला. परवान्याबाहेरचं काडतूस, तेही अप्पांच्या घरात... ज्या माणसानं जन्मात नियम मोडला नाही, त्याच्या नावाला मेल्यावर डाग.

"राहू दे ते तितं," काकू म्हणाली.

"आई, ते घरात ठेवता येत न्हाय."

सिद्धू हात लावायला धजेना. मी आधी समई उचलून बाहेरच्या खोलीत नेली, मग जपून ते तळहातावर घेतलं. पिसासारखं हलकं. पदरानं कुंकू पुसलं, तर खाली बाभळीचं लाकूड, त्याला गुंडाळलेला लाल कागद आणि बुडाला माझ्याच दुकानातलं सोनेरी टोपण.

मी तिथंच बसून रडले. सिद्धूला काही कळेना. काकू मात्र शांत होती.

"मला ठाव होतं," ती म्हणाली. "पितळ हाताला गार लागतं. ह्ये लागंना."

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"चार दिस गोठ्यात लपून तासलं त्यांनी. कुनाची एवढी मेहनत मोडावी व्हय?"

अठरा काडतुसं ठाण्यात गेली. रिकामा डबा मी मागून घेतला. दुकानात, चिठ्ठी दिसेल असा ठेवलाय. एकोणिसावं काकूनं पुन्हा जागेवर ठेवलं, समईपासून थोडं लांब, कुंकवाचं नवं बोट लावून.

"तू औषधवाली हायस," ती म्हणाली. "ह्याला तारीख हाय का?"

"लाकूड आहे काकू. ओलीपासून जपा, बास."

तिनं कनवटीतून काकांची एक पुडी काढली, 'खाऊ नये' लिहिलेली, आणि त्याच्याशेजारी नैवेद्यासारखी ठेवली.