वाजणारं बोट

आज माझ्या भांड्यांच्या दुकानात घासाघीस करताना एक गिऱ्हाईक बोटाने काउंटर वाजवू लागलं.

सौद्यात असं बोट वाजवणारा उठायच्या बेतात असतो. काही वर्षांपूर्वी दवाखान्यात, साडेसहा महिन्यांतच जन्मलेल्या माझ्या मुलीला तपासताना सिस्टर एका हाताने तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून दुसऱ्या हाताचं बोट तसंच टेबलावर वाजवत होत्या. मी दारातून ओरडलो, “बाई, कंटाळा आलाय का?”

डॉक्टर म्हणाले, “दादा, मुलीच्या काळजाचे ठोके आहेत ते. आम्हाला दिसावेत म्हणून वाजवतायत त्या.”

तिचे काही ठोके मी भांडण्यात घालवले. हा राग कुणावर काढायचा ते अजून कळलेलं नाही. मग सिस्टरांचं बोट मंदावलं, आणि थांबलं.

मी त्याच्या बोटाकडेच बघतोय हे पाहून गिऱ्हाइकाने हात आवरला. “काय शेठ, परवडत नाही?”

“तुमचाच भाव,” मी म्हणालो, “पण बोट थांबवू नका.”