तेरा प्लेटांची बॅटरी

चंपतराव गजभियेंनी माझा पहिला अपमान केला तो खडूनं. साल होतं १९७४. नागपूरच्या इंदोरा भागात, कामठी रोडला लागूनच त्यांचं बॅटरीचं दुकान होतं आणि मी एका धर्मादाय दवाखान्याची जीप चालवायचो. मेलेली बॅटरी घेऊन गेलो, तर त्यांनी वरचं डांबर तापवून सोडवलं, आतल्या प्लेटा चिमट्यानं उपसल्या, तळाचा काळा गाळ काडीवर घेऊन पाहिला आणि रिकाम्या डब्यावर लिहिलं : 'सात महिने. कारण : ड्रायव्हर.' मग तो डबा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा फळीवर मांडला. आमच्या नर्सबाई, शोभाताई, शेजारीच उभ्या होत्या. माझा नुसता तिळपापड झाला.

"काहून लिहिलं तुमी असं?"

"डॉक्टर नाई लिहीत का? मेलं तं कारण लिहाच लागते," म्हातारा शांतपणे म्हणाला.

फळीवर असे वीसेक डबे होते. एकावर 'कारण : पाणी घातलं नाही', एकावर नुसतंच 'कारण : मालक'. बारा वर्षं त्यांनी कामठीला लष्कराच्या गाड्यांवर काम केलेलं. बॅटरीतल्या तेजाबानं पँटीला भोकंच भोकं पडली होती, पण शर्ट पांढराशुभ्र. गिऱ्हाईक कोणीही असो, मेलेली बॅटरी आणल्याशिवाय नवी दाखवायची नाही, असा त्यांचा नियम. "नवी सारीच चांगली दिसते गा, नवरदेवावानी," ते म्हणत. "आत काय होतं ते मेल्यावरच समजते."

मला चेष्टा सुचत नव्हती. त्या वर्षातली आमची ही दुसरी बॅटरी. शोभाताई दर गुरुवारी देवलापारच्या पुढं जंगलातल्या सात गावांत टीबीची औषधं घेऊन जायच्या. दोनदा बॅटरीपायी जीप नाल्यात बंद पडली. हँडल मारून मारून माझा खांदा गेला, पण ती ढिम्म. दोन गुरुवार बुडाले. जिजाबाई नावाच्या एका पेशंटनं तर वाट पाहून औषधच सोडलं. दवाखान्याचे अध्यक्ष मधुसूदनपंत यांनी स्पष्ट सांगितलं होतं : दिवाळीच्या आत आणखी एक बॅटरी गेली, तर जीप विकायची आणि गुरुवारचा फेरा बंद. शोभाताईंनी फक्त जिजाबाईचं कार्ड पिशवीत वर काढून ठेवलं.

पंतांच्या मनात सदर भागातल्या एका मोठ्या दुकानातली सतरा प्लेटांची चकचकीत बॅटरी भरली होती. जास्त प्लेटा म्हणजे जास्त दम, असं तेव्हा सगळेच मानायचे. मीही मानायचो. चंपतराव मात्र हसले.

"डबा तेवढाच ना? त्याच्यात सतरा कोंबाच्या तं पापडावानी पातळ कराव्या लागते. डांबरी रोडवर झकास चालन. तुमच्या नाल्यात धक्क्यानं प्लेटांवर लिंपलेला मसाला झडन अन् तळाशी बसन. तो गाळ वर येऊन प्लेटीले टेकला, का खतम."

सारख्या आकाराच्या तीन नव्या बॅटऱ्या उचलून ते शेजारच्या धान्याच्या अडत्याकडे गेले आणि एकेक काट्यावर चढवली. सर्वांत जड भरली ती तेरा प्लेटांची. "जड म्हंजे आत शिसं जास्त. शिसं खोटं बोलत नाई. ह्या प्लेटा जाड हायेत, मधात काचेच्या लोकरीचा पदर हाये, खाली गाळाले जागा हाये. हिवाळ्यात सकाळी जरा कुरकुर करन, ते आत्ताच सांगून ठेवतो." आपल्याच मालाची खोड आधी सांगणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. शोभाताईंनी अध्यक्षांना न विचारता तीच घेतली. आता बोलणी खायची ती त्यांनाच.

पुढच्या गुरुवारी चंपतराव दुकान बंद करून आमच्याबरोबर आले. "बॅटरी कोण्या रस्त्यानं जाते ते पाहू द्या," म्हणाले. कन्हान मागे पडलं, देवलापार गेलं, डांबर संपलं. दुसऱ्या नाल्यातून जीप उसळत बाहेर पडली तसे ते ओरडले, "थांबव! बोनट खोल."

खोलला. बॅटरीखाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरलेलं पोतं होतं आणि वरून सुतळी. हे माझंच काम! पहिल्या दोघींनाही मी असंच अंथरूण घातलं होतं.

"देवराव, हे काय होय?"

"धक्के लागू नये म्हणून. बैलबंडीतून बाळंतीण नेतो तं तणस टाकतोच ना आपण?"

म्हातारा हसता हसता रस्त्याच्या कडेला बसला. मग एकदम भडकला. "इंजिनाच्या बाजूले तणस! पेटलं असतं म्हंजे?" त्यानं इंजिन चालू करायला लावलं आणि माझा पंजा बॅटरीवर दाबला. ती हाताखाली थडथडत होती. पोतं फेकून त्यानं टायरच्या रबराचा पातळ तुकडा घातला, पिशवीतून आणलेली लोखंडी पट्टी वर बसवली आणि पान्यानं दोन्ही नट आवळले. "आता ठेव हात."

आता जीप हलत होती तेवढीच बॅटरी हलत होती. तिची वेगळी थडथड संपली होती.

"बाळंतीण तणसावर उसळली तरी मऊ पडते गा. हे उसळते अन् आपटते, अन् आतलं झडते. इले गाडीचं एक हाड करून टाक. पट्टी दर बुधवारी पाहाची."

दोन बॅटऱ्या मी मायेनं मारल्या होत्या. 'कारण : ड्रायव्हर' हे अक्षर न् अक्षर खरं होतं.

दिवाळी आली आणि गेली. जीप विकायचं पुन्हा कोणी बोललं नाही. शोभाताईंनी जिजाबाईला समजावून औषध नव्यानं सुरू केलं आणि दुसऱ्या वर्षी ती डोक्यावर जांभळांची टोपली घेऊन स्वतःच्या पायांनी जीपपाशी आली. हिवाळ्यात सकाळी बॅटरी कुरकुरायची, पण तिनं एकही गुरुवार बुडवला नाही. एकही बुधवार मी पान्याशिवाय घालवला नाही.

१९७८ च्या अखेरीस ती गेली. मी ती इंदोऱ्याला घेऊन गेलो. चंपतरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून डांबर मीच सोडवलं. प्लेटा झिजून गेल्या होत्या, तळाशी गाळ थोडा. त्यांनी प्लेटा बोटांनी चाचपल्या.

"पट्टी ढिली पडली होती का?"

"कधीच नाई."

त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "मले दिसत नाई, तूच लिही. चार वर्षं दोन महिने."

मी लिहिलं. "अन् कारण?"

"म्हातारपण."

लिहिताना माझे डोळे भरून आले. मग मी तो डबा फळीवर मांडला आणि बाकीचे डबे एकेक करून वाचले. तसं कारण त्या एकटीचंच होतं.