तळ्याची चटई

रिबकाबाई थळकर यांची नि माझी ओळख झाली ती माझ्या कमरेमुळे. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बँकेने माझी पुण्याहून पनवेलला बदली केली होती, आणि खुर्चीत बसून बसून कंबर अशी धरली होती, की शिपायाला हाक मारायची तर अख्खं अंग वळवावं लागे. शेजारचे दामले म्हणाले, शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आपल्या कॉलनीमागच्या तळ्यावर पहाटे योगासनं शिकवतात. फी नाही, मात्र वर्ग संपला की प्रत्येकाने तळ्यातली थोडी जलपर्णी उपसायची. फुकट आहे म्हटल्यावर मी गेलो.

त्या पहाटे दाट धुकं होतं. तळं दिसत नव्हतं, नुसता वास येत होता. मंडळी आपापल्या चटयांवर बसली होती आणि पाण्याला अगदी लागून एक चटई रिकामी होती. मी तिच्यावर बसणार, एवढ्यात बाई शांतपणे म्हणाल्या, "तिथे नको. ती तळ्याची आहे." मला वाटलं गंमत करताहेत. पण कोणीच हसलं नाही. दामल्यांनी सरकून मला आपल्या शेजारी जागा करून दिली.

बाई कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू समाजाच्या आहेत, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. त्यांचे दोन्ही भाऊ कधीच इस्रायलला गेले, बाई मागे राहिल्या. त्यांच्याकडे बाळाच्या सुंतेच्या दिवशी एलियाहू नबींसाठी एक खुर्ची रिकामी ठेवतात. न दिसणाऱ्या पाहुण्याला आधी बसवायचं, मग आपण बसायचं, ही शिकवण बाईंना आजीकडून मिळाली होती. तळ्याच्या काठावर बसतो तर यजमान तळंच, म्हणून पहिली चटई त्याची. ऐकायला गोड वाटतं. पहाटेच्या धुक्यात त्या चटईशेजारी डोळे मिटून बसायचं म्हटलं की तितकंसं गोड वाटत नसे, एवढं मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

बाईंची शिकवण्याची पद्धत न्यारी होती. आसनं जेवढी चटईवर, तेवढीच चिखलात. जलपर्णी ओढताना कमरेतून वाकलं की बाई मागून पाठीवर दोन बोटं टेकवीत आणि म्हणत, "गुडघ्यातून." काढलेली जलपर्णी खड्ड्यात कुजवायची, ते खत काठावरच्या करंजांना आणि जांभळांना घालायचं. गणपतीत निर्माल्य पाण्यात पडायच्या आत मागून घ्यायचं. मागून घ्यायचं, हिसकावायचं नाही, यावर त्यांचा कटाक्ष असे. वर्षभरात माझी कंबर सुटली आणि तळ्यात मधोमध आकाश दिसू लागलं.

आता तळ्यावरच्या त्या आवाजाबद्दल. बाईंच्या या गौरवग्रंथात असं काही लिहावं की नाही, यावर समितीत बरीच चर्चा झाली. बाईंनाच विचारलं तर म्हणाल्या, खरं असेल ते लिहा. म्हणून लिहितो.

प्राणायामाच्या शेवटी बाई आमच्याकडून बाह्य कुंभक करवून घेत. श्वास पूर्ण सोडायचा आणि काही क्षण तसंच थांबायचं. सगळे एकदम थांबले की अशी शांतता पडे, की पान पडलेलं कळावं. त्या शांततेत कोणीतरी श्वास घेत असे. सावकाश, खोल, ओलसर. पहिले काही दिवस मी दामल्यांवर संशय घेतला, दामल्यांनी माझ्यावर घेतला. चाळिशी-पन्नाशीतली माणसं आम्ही, कुंभकात लबाडी कोण करतं यावरून शाळकरी पोरांसारखी भांडलो. शेवटी सगळ्यांनी आपापलं नाक दाबून धरलं. आवाज आला. पाण्याकडून, रिकाम्या चटईच्या बाजूने.

बाईंनी जीवशास्त्राच्या शिक्षिकेला शोभेल असं उत्तर दिलं. गाळात पाला कुजतो, वायू साठतो, बुडबुडे वर येतात. मला ते पटलं. मग मी विचारलं, बुडबुडे नेमके आपल्या लयीत कसे येतात? बाई चटई गुंडाळत म्हणाल्या, "आपण त्याच्या लयीत बसतो हो. तुमच्या लक्षात आलं नाही?" त्या दिवशी बँकेत मी धनादेशांवर सह्या करताना मधूनच थांबून आपलाच श्वास ऐकत होतो.

बाईंच्या मायेचा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला असेल. माझा सांगतो. माझी आई दम्याने शेवटच्या दुखण्यात होती. शाळा सुटली की बाई रोज येऊन तिच्या उशाशी बसत आणि मोठ्याने, संथ श्वास घेत, म्हणजे आईला त्यामागोमाग घेता यावा. आईची तडफड थांबे. एका दुपारी मी आईला म्हटलं, आज बाईंना उशीर होईल. आई डोळे न उघडता म्हणाली, "आल्यात की रे. मघापासून घेतायत माझ्याबरोबर." खोलीत आईशिवाय मी एकटाच होतो. थोड्या वेळाने बाई दारात उभ्या राहिल्या. आई शांतपणे गेली, याचं ऋण माझ्यावर कायम आहे.

पुढे नव्वदच्या दशकात आपल्याकडे जमिनीला सोन्याचा भाव आला. आसपासच्या गावांत, ओव्यापासून बेलपाड्यापर्यंत डोंगर फुटू लागले, त्यांचा भराव पडू लागला. एका बिल्डरचा आपल्या तळ्यावर डोळा होता. शनिवारी शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, म्हणून बाई घरी आणि वर्गाला सुट्टी, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं. दर शनिवारी सकाळी डंपर येत आणि काठ थोडा पुढे सरके. आम्ही सरकारदरबारी अर्ज केले. तिथे तळं नसून डबकं आहे, असं उत्तर आलं. अजून काही शनिवार गेले असते, तर डबकंही उरलं नसतं.

शब्बाथला बाई कसलंही काम करत नाहीत. आम्हाला वाटलं, निदान यावेळी हा नियम मोडतील. बाई म्हणाल्या, नाही मोडणार, पण आडवं पडणं हे काही काम नव्हे. त्या शनिवारी पहाटे त्या पायी आल्या. चटई आम्ही पसरली, तीसुद्धा तळ्याची, कारण भराव तिथवर पोचला होता. इतक्या वर्षांत त्या चटईवर कोणी बसलं नव्हतं. बाई तिच्यावर शवासनात पडल्या आणि डोळे मिटले.

डंपर आला. चालक होते ओवे गावचे जनार्दन म्हात्रे, आज ते आपल्या वर्गाचे जुने सभासद आहेत. आम्ही ओरडत होतो, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. खाली उतरून ते बाईंजवळ गेले, वाकले, नाकाशी हात धरला. त्यांचा चेहरा उतरला. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी कान चटईला लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा हलक्या आवाजात म्हणाले, "बाईंचा श्वास बंद हाय. पन श्वास चाललाय. खाली कोन हाय?"

म्हात्रे डंपर भरलेलाच मागे घेऊन गेले. त्यानंतर ओव्याचा, बेलपाड्याचा, कोन गावचा एकही गाडीवाला तिथे माल टाकायला तयार होईना. बिल्डरने बाहेरगावची माणसं आणली, तीही एका सकाळीत परत गेली. पुढे तळ्याला कुंपण पडलं आणि कागदावर पुन्हा तळं लिहिलं गेलं.

त्या दिवशी बाई उन्हं वर आल्यावर उठल्या. मी विचारलं, एवढा वेळ श्वास कसा रोखलात? त्या म्हणाल्या, "मी रोखला नाही. मला घ्यावाच लागला नाही." घरापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेलो. त्यांच्या श्वासाला ओल्या गाळाचा वास येत होता. त्या दिवसापासून रिकाम्या चटईकडून आवाज येत नाही. आजही आम्ही कुंभकात थांबतो आणि शांतता शेवटपर्यंत टिकते.

गेल्या पावसाळ्यात बाई तापाने अंथरुणाला खिळल्या. छातीत कफ भरला होता, आम्ही पाळीपाळीने बसत होतो. एका पहाटे म्हात्रे चिखलाच्या पायांनी दारात आले. मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडताहेत, सगळं तळं वर-खाली होतंय, असं म्हणाले. मग आत डोकावून विचारलं, "बाईंना बरं नाय का? तळं धापा टाकतंय." चार दिवसांनी बाईंचा ताप उतरला. मी तळ्यावर गेलो, तर पाणी आरशासारखं स्थिर होतं.

बाईंना आता साठावं लागलं. भाचे त्यांना इस्रायलला बोलावताहेत, आणि बाई हसून विषय बदलतात. त्या का जात नाहीत, हे आम्ही विचारत नाही. त्यांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभावं, अशी आपल्या सर्वांच्या वतीने मी प्रार्थना करतो. ते एका जिवासाठी मागतो आहोत की दोन, हे मला सांगता येणार नाही.

बाई, उदंड जगा. आणि यापुढे कधी श्वास रोखायचा झालाच, तर आधी आम्हाला सांगा. आम्ही सगळे तळ्याकाठीच राहतो.