माहेरी भरलेली लेक

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मुली मुंबईहून आमच्याकडे येतात. तिथला डॉक्टर सुटलेला असतो आणि इथल्याकडे अजून जाणं झालेलं नसतं. या मधल्या आठवड्यांची मला कायम धास्ती असते. मी रत्नागिरीच्या एका प्रसूती रुग्णालयात काम करते. गरोदर बायका आणि तान्ही मुलं तपासणाऱ्या गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना अडेल तिथे मदत करायची, हे माझं काम. त्यासाठी महिन्याची फेरी असते. लघवी तपासायच्या पट्ट्या, लसींचे तक्ते, तातडीची इंजेक्शनं. पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवते.

त्या दिवशी देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका गावात पोचले तेव्हा दुपार कलली होती. तिथले डॉक्टर साठीला आलेले, एकटेच दवाखाना चालवणारे. त्यांच्यासमोर एक गरोदर मुलगी आणि तिची आई बसली होती. आई खुशीत होती. लेक आली तेव्हा नुसती काडी होती, इथल्या पेजेने आणि माशांनी कशी भरली बघा, असं तिने मलाही ऐकवलं. जावई आता बायकोला ओळखणार नाही म्हणून शेजारणी चिडवत होत्या म्हणे.

मी मुलीचे हात बघितले. ओटीभरणात भरलेला हिरवा चुडा मनगटावर जराही सरकत नव्हता. काचेच्या दोन्ही बाजूंनी कातडी फुगून वर आली होती. डॉक्टरही बोलता बोलता थांबले. त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं, मग दुसऱ्या दंडाला बांधून पुन्हा घेतलं. दोन्हीकडे खूप वाढलेलं. लघवीत बुडवलेली पट्टी गर्द हिरवी झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. डोकं दुखतं का, असं त्यांनी मुलीला विचारलं. उन्हामुळे दुखतं, आईनेच उत्तर दिलं.

मुलगी हसली. "डॉक्टर, तुमच्या तोंडावर काजवे चमकतायत."

डॉक्टर मला आतल्या खोलीत घेऊन गेले. मागे एका बाईला त्यांनी असंच घाईने रत्नागिरीला पाठवलं होतं. ती ठणठणीत परत आली, आणि तेव्हापासून गाव त्यांना घाबरट म्हणत होतं. ही माणसं ऐकतील का, याची त्यांना खात्री नव्हती. मी म्हटलं, घरच्यांशी तुम्ही बोला. गाडी, रक्त, ऑपरेशनची तयारी, सगळं माझ्याकडे. त्यांनी माझ्या पिशवीतलं फिट रोखायचं इंजेक्शन मागून घेतलं.

जावई शनिवारी येतोय, तोवर थांबू, असं आईचं म्हणणं पडलं. डॉक्टर तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"वहिनी, ही भरलेली नाय. सुजलीय. शनिवारपर्यंत फिट आली तर दोघंही जातील."

आईने लेकीच्या पायावर बोट दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला. ती बराच वेळ त्या खळग्याकडे बघत होती.

"गाडी बोलवा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मुलीला इंजेक्शन दिलं. बाहेर तापाची पोरं रांगेत होती, म्हणून डॉक्टर मागे राहिले आणि मी गाडीत बसले. महामार्गावर काम चाललेलं. प्रत्येक धक्क्याला मी मुलीचा जबडा फिटने आवळतोय का ते बघत होते. उजेड सोसेना म्हणून मी तिच्या डोळ्यांवर ओढणी धरली. अर्ध्या वाटेनंतर ती बोलायची थांबली. आई मात्र तिला एकसारख्या हाका मारत राहिली.

रुग्णालयात सलाईनसाठी शीर सापडेना. सिस्टर चुड्याकडे बघून थबकल्या. बाळंतपणाआधी तो हातातून उतरवायचा नसतो. आईने स्वतःच लेकीचा हात पुढे केला.

"वाढवा," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी गावातून डॉक्टरांचा फोन आला. तोवर बाळ झालं होतं, अगदी लहान, काचेच्या पेटीत. मुलगी शुद्धीवर नव्हती. हातांची सूज उतरली का, एवढंच त्यांनी विचारलं. मी आत जाऊन बघून आले. उतरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडून पाणी मागितलं. सूज उतरायला लागली होती. मी लगेच फोन लावला. डॉक्टर "बरं" म्हणाले. मग त्यांनी विचारलं, पुढची फेरी याच आठवड्यात काढता येईल का? खालच्या वाडीत आणखी एक लेक मुंबईहून आलीय, अजून तपासायला आणलेली नाही.

"शेजारीण सांगत होती," ते म्हणाले, "चांगली भरलीय."