दिसल्याशिवाय बाण नाही

सोमा मडावी कुणाला तिरंदाजी शिकवायला घेई तेव्हा आधी त्याच्या हातातला बाण काढून घेई. मला त्याने वीस दिवस नुसता कमठा ओढायला लावला. ओढलेली दोरी मी रिकामीच सोडली की पाठीत काठी बसे. "रिकामा सोडू नोको म्हनलं ना! कमठा फुटन अन् तुह्याच तोंडात घुसन. तोंडाचं मले काई नाई, कमठा माहा आहे." हा म्हातारा मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नकोसा झाला.

आमचं गाव गिरडच्या अलीकडे, टेकडीला लागून. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. आदल्या वर्षी रानडुकरांनी माझी सगळी ज्वारी आडवी केली होती. त्या वर्षीही गेली असती, तर घरात खायला काही उरलं नसतं. पण गावाची रीत अशी, की सोमाने हो म्हटल्याशिवाय कुणी राखणीला तिरकमठा घेऊन बसायचं नाही. माझ्या वावरात मी काय करायचं ते या दोन एकरांच्या गोंडाने ठरवायचं! मी तेव्हा पंचविशीतला, आणि डोक्यात हवा भरपूर.

शिकवायचा मात्र पक्कं. पाय कसे रोवायचे, कोपर कुठवर न्यायचं, श्वास कुठे धरायचा, यात तो केसभर सूट देत नसे. चाळीस पावलांवरच्या कडब्याच्या पेंढीत मी लागोपाठ तीन बाण मारले, तेव्हा वाटलं, आता तरी चांगलं बोलेल. तो थुंकला. "पेंढी मेलेली आहे. मेलेल्याले कोनीबी मारते."

मग त्याने नवाच छळ काढला. मला बांधावर बसवायचा आणि मागून ज्वारीत ढेकूळ फेकायचा. धांडे हलले की मी बाण लावी, आणि मनगटावर काठी पडे.

"काय दिसलं?"

"हाललं ना, मामा!"

"हाललं तं वारा बी असन, तुही बायको बी असन. आंग पाह्य, मांगं काय आहे ते पाह्य, मंग बाण लाव. दिसल्याशिवाय बाण नाई."

असं नऊ वेळा झालं. नऊ वेळा मी चुकलो. गावात लोक हसायला लागले.

एका संध्याकाळी त्याने मला बोथट लाकडी टोकाचा बाण दिला. "आज एकटा बैस. मी घरी चाल्लो," म्हणाला. पाखरं मारायचा बाण डुकरासाठी! हा अपमान मला सोसवला नाही. गिरडच्या लोहाराकडून गुपचूप करून आणलेला लोखंडी पात्याचा बाण मी काढला. उजेड अजून होता. थोड्या वेळाने ज्वारीत जोरात खसखस झाली आणि मी सोडला.

धांड्यांतून सोमा उभा राहिला. अंगाभोवती घोंगडी, आणि ती भेदून उजव्या दंडात माझा बाण. परीक्षा घ्यायला तो स्वतःच आत बसला होता. बोथट बाण लागला असता तर घोंगडीवर आपटून पडला असता.

"माहं आंग दिसलं काय रे?" त्याने विचारलं. मग दंडातून आरपार निघालेल्या पात्याकडे पाहिलं. "हे कोनं देल्लं तुले?"

हिंगणघाटच्या दवाखान्यात जीव वाचला, हात गेला. कमठा ओढणं कायमचं संपलं. त्याने काही झाकलं नाही. भेटेल त्याला सांगितलं, "यानं न पाह्यता मारलं."

पुढच्या हंगामात त्याच्या वावराची राखण करायला कुणी नव्हतं. मी त्याच्या दारात गेलो, पाया पडलो, म्हणालो, "मामा, तुमचं वावर मी राखतो. आता नाही चुकणार."

त्याने दाराची कडी डाव्या हाताने धरली होती. "नाई पायजे. डुकरं पीक खातीन. मानसं तं वाचतीन."

दार लागलं. माझा संताप झाला, आजही होतो, कारण या माणसाचं एकदाही चुकलं नाही. त्या साली त्याची ज्वारी डुकरांनी संपवली. मी रोज संध्याकाळी रिकाम्या हाताने त्याच्या बांधावर उभा राहून ते बघत असे.