दहाव्याला दिलेला शब्द

काकांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेलार गावाजवळ नदीकाठी निम्मा गाव ताटकळत उभा होता. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या अर्धवट बांधलेल्या गोडाउनच्या पत्र्यावर बसून ते आमच्याकडे बघत होते, पण खाली उतरायचं नाव नाही.

ग्रामपंचायतीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मिरवणुकीतच काकांना भोसकलं. त्यांना उचलायला धावला तो आमच्या शेतावर राबणारा, पाड्यावरचा आदिवासी गडी. तोही तिथेच गेला. काकांचा खून म्हणून नोंद झाली, विरोधी पॅनेलची माणसं आत गेली, पेपरात फोटो आला. गड्याचं काय, तर पळापळीत पडून मेला, अपघात. एकाच रस्त्यावर, हाताच्या अंतरावर मेलेल्या दोन माणसांची ही प्रतवारी. मला चीड आली होती, पण माझ्या चिडीला घरात विचारतं कोण?

काकांच्या पॅनेलचे पुढारी पिंडापुढे आले, हात जोडून म्हणाले, "मारेकऱ्यांना फासावर चढवतो, शब्द आहे." कावळे ढिम्म. माझे वडील म्हणाले, "तुझ्या पोराला अंतर देनार न्हाय." तरी ढिम्म. शेवटी भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले, तेवढ्यात मागे बायकांत उभी असलेली काकू पुढे आली.

"तुमाला उचलाया आला, त्याचा पन न्याय करीन. त्याला ज्यानं मारला तो कोन पन असू दे, मी सोडनार न्हाय."

कावळा उतरला. योगायोगच, मी तसंच म्हणते. पण गोटा केलेला माझा चुलतभाऊ, काकूचा एकुलता एक, तिथेच मटकन बसला. सगळ्यांना वाटलं, बापासाठी जीव तुटतोय.

घरी पानं वाढायच्या आधी त्याने सांगितलं. सुरे निघाले तशी आपली माणसं धडाधड जीपमध्ये चढली. गाडी हाच चालवत होता. घाबरून त्याने ती मागे घेतली, ती थेट गड्याच्या अंगावर. चाकाखाली कोणीतरी आलं, हे त्याला कळलं होतं. तरी तो थांबला नाही.

पुढचं त्याहून वाईट होतं. वडिलांना हे पहिल्यापासून माहीत होतं. पुढाऱ्यांनाही. अपघाताची नोंद त्यांनीच करून घेतली होती. आणि हीच माणसं सकाळी पिंडापुढे हात जोडून शब्द देत होती!

"वहिनी," पुढारी समजावणीच्या सुरात म्हणाले, "आता हे काढलंत तर समोरच्यांना आयतं कोलीत मिळेल. आपली केस ढिली पडेल."

"घरातला एक गेला," वडील म्हणाले. "दुसरा आपल्याच हातानं घालवायचा?"

काकू त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलाला आणि मला घेऊन पाड्यावर गेली. खरं सांगते, मला वाटलं, ही गड्याच्या बायकोच्या पाया पडून माफी मागणार आणि प्रकरण मिटवणार. तिच्याही मनात तेच असावं. आईच ती.

गड्याची बायको अंगणात बसली होती. काकूने काहीही न लपवता सगळं सांगितलं. बाई रडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "तुज्या दादल्याला मारला, त्यांना काय व्हावा बोलतेस तू?"

"जेल," काकू म्हणाली. "जलमभर."

"मंग माजा दादला काय कमी मेला?"

काकूचा चेहरा मला बघवेना. माझ्या चुलतभावाने मान वर केलीच नाही. मग काकू उठली, त्याचं मनगट धरलं आणि उतरणीला लागली. वाटेत घराकडे वळायचा फाटा आला, तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

पोलीस ठाण्यात हवालदार चहा पीत होता.

"यानं मानूस मारलाय," काकू म्हणाली. "लिवून घ्या."

हवालदाराने कप खाली ठेवला. "तुम्ही मेलेल्याच्या कोण?"

"मी याची आय," काकू म्हणाली.